कोपरीतल्या कपाटात चिलटं: प्रकल्प नोंदी, एप्रिल ते जुलै २०२५

१२ एप्रिल

भाची यंदा बारावीला. जीवशास्त्राच्या प्रकल्पासाठी तिला वहीत पानं चिकटवायची नाहीत, काहीतरी जिवंत हवंय. मी ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहाय्यक. शिकवणं माझं काम नाही, पण बाटल्या धुणं, मोजणं, लेबल लावणं यात सत्तावीस वर्षं गेली. तेव्हा जागा माझी, हात दोघांचे.

विषय ठरला: ड्रोसोफिलाचा पिवळा नर. एक्स गुणसूत्रावर 'यलो' नावाचा जनुक आहे. तो बिघडला की माशीचं तपकिरी अंग पिवळसर होतं. अशा नरांच्या जोड्या कमी लागतात ही गोष्ट स्टर्टेव्हंटने १९१५ सालीच नोंदवली होती. आम्हाला बघायचं आहे की अडतं नेमकं कुठे: मागे लागण्यात, जोडी लागण्यात, की पिल्लं होण्यात.

एक नावाचा घोळ आधीच सांगून ठेवतो. पुस्तकात ड्रोसोफिलाला फळमाशी म्हणतात, पण कोकणातल्या बागायतदाराला फळमाशी म्हणजे आंब्यात अळ्या पाडणारी ती मोठी माशी. वेगळ्या कुळातली. मजल्यावरच्या देवगडकर काकांना मी फळमाश्या हव्यात म्हणालो, तर त्यांनी मिथाइल युजेनॉलचा सापळा आणून दिला. तो या मोठ्या माशीच्या नरांसाठी असतो. आपल्याला हवी आहेत केळ्यावर घोंघावणारी चिलटं. जांभळी नाक्यावरच्या केळेवाल्याला "चिलटं" म्हटल्याबरोबर समजलं, फक्त ती कोणाला हवी असू शकतात हे समजेना.

दोन काळी केळी, बरणी, कागदाचं नरसाळं. संध्याकाळपर्यंत चाळीसेक आत.

१५ एप्रिल

अन्न शिजवलं. एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बारीक रवा, १० ग्रॅम अगर, आणि आच बंद करून जरा निवल्यावर बुरशी येऊ नये म्हणून ७.५ मिली प्रोपिऑनिक आम्ल. आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांत हीच कृती चालते. मी दोन ठिकाणी शहाणपणा केला. पावडरच्या अगरऐवजी घरातलं चायना ग्रास वापरलं, आणि आम्ल हाताशी नव्हतं म्हणून व्हिनेगर ओतलं.

२१ एप्रिल

शहाणपणाची फळं. चायना ग्रासची लादी घट्ट बसलीच नाही. कुपी आडवी केली की सगळा शिरा कापसाच्या बोळ्यावर. वीस कुप्यांपैकी चौदांत हिरवी-काळी बुरशी. सौ.ने दार उघडून वास घेतला आणि म्हणाली, "अहो, या घरात चिलटं मारायची की पाळायची, एकदा काय ते ठरवा."

प्रिन्सेस स्ट्रीटवर जाऊन आम्ल आणि पावडरचं अगर आणलं. आम्ल उकळत्यात घालू नका, वाफ डोळ्यांत जाते आणि निम्मं उडून जातं. एक आठवडा वाया.

२६ एप्रिल

नव्या अन्नावर पकडलेल्या चिलटांच्या जोड्या लावून पाहिल्या. बारा कुप्या, प्रत्येकीत एक नर, एक मादी. नऊ ठिकाणी नराने मादीकडे ढुंकून पाहिलं नाही. भाची वैतागली. तिच्या मैत्रिणीने उन्हाळ्याचा कंटाळा असेल असं निदान केलं.

संध्याकाळी कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या तेव्हा कळलं की आम्ही दोन-तीन जातींची खिचडी केली होती. आम्हाला हवी असलेली जात ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर. तिच्या नराचं शेपटाकडचं टोक काळं असतं, आणि पुढच्या पायाच्या एका पेरावर दात असलेला छोटा काळा कंगवा असतो. आमच्या बऱ्याचशा नरांना काळं टोकच नव्हतं, आणि कंगव्याच्या आडव्या रांगा एकाहून जास्त पेरांवर. ती ड्रोसोफिला अनानासी, दुसरी जात. आपल्या घरांत ती भरपूर असते. दोन तर अंगावर पांढरे पट्टे असलेल्या झाप्रिओनस निघाल्या. नर असे ओळखता येतात, पण मेलानोगॅस्टर आणि अनानासीच्या माद्या साध्या भिंगाने मला तरी वेगळ्या काढता आल्या नाहीत. परक्या जातीची मादी समोर ठेवली तर नर बहुधा एक-दोनदा पायाने चाचपतो आणि वळतो. मादीच्या त्वचेवरच्या मेणासारख्या द्रव्यांवरून त्याला समजतं.

घरची चिलटं पकडून जनुकांचा प्रकल्प करू नका. सगळी फ्रीझरमध्ये.

४ मे

ओळखीचा एक मुलगा मुंबईतल्या प्रयोगशाळेत माश्यांवर पीएचडी करतो. त्याच्याकडून तीन कुप्या आणल्या: साधी तपकिरी जात, पिवळी, आणि पांढऱ्या डोळ्यांची. (ज्यांची अशी ओळख नाही त्यांच्यासाठी: मैसूर विद्यापीठात ड्रोसोफिलाचं साठाकेंद्र आहे.) पांढऱ्या डोळ्यांच्या नराला नीट दिसत नाही, त्यामुळे जोडी लागण्यात आणखी एक भानगड वाढते. ती कुपी बाजूला ठेवली.

लोकलमध्ये कुप्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून आणल्या. उभ्या ठेवा, आडव्या नकोत.

साठा दोन घरांत वाटला. निम्मा माझ्याकडे कोपरीला स्वयंपाकघराच्या कपाटात, निम्मा ऐरोलीला भाचीकडे तिच्या खोलीत. एकीकडे काही बिनसलं तर दुसरीकडे शिल्लक राहावं एवढाच हेतू. हाच निर्णय पुढे उपयोगी पडला, पण त्यात माझी दूरदृष्टी काही नव्हती.

१५ मे

कोपरीच्या कुप्यांतून नवीन माश्या निघाल्या. लवकर निघाल्या, पण संख्येने कमी आणि आकाराने बारीक. मी वहीत "लवकर निघाल्या, छान" असं लिहिलं. बारीक का, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

प्रयोगाला माद्या कोऱ्या लागतात, म्हणजे नर न भेटलेल्या. इंग्रजी शब्द भाचीला मामीसमोर उच्चारवेना, म्हणून घरात "कोऱ्या" रूढ झाला. २५ अंशांवर मादी बाहेर आल्यापासून साधारण आठ तास नराला दाद देत नाही. तेवढ्यात वेगळी काढायची. घर गरम असेल तर त्याहून लवकर. माश्या पहाटे-सकाळी जास्त निघतात, म्हणून सहाला कुपीतल्या सगळ्या झटकून टाकायच्या आणि अकराच्या आत नव्या निघालेल्या वेचायच्या. अगदी ताजी मादी फिकट असते आणि पोटात गडद ठिपका दिसतो.

बेशुद्ध करायला आधी बर्फ वापरला. इथल्या दमट हवेत थंड बशीवर पाणी सुटतं आणि माश्या त्यात चिकटून मरतात. सोळा गेल्या. मग खायचा सोडा आणि व्हिनेगर एका बाटलीत, तिच्या झाकणातून मत्स्यपेटीची नळी, नळीतून कार्बन डायऑक्साइड. हे चांगलं चाललं. पण त्यानंतर निदान एक दिवस तरी प्रयोगाला घेऊ नका, वागणं बिघडतं. जोडी लावताना बेशुद्ध करायचंच नाही. नळीच्या टोकाला मलमल लावून तोंडाने हलकेच ओढायचं आणि फुंकून सोडायचं.

१९ मे

पहिली खरी तालीम, दोन्ही बाजूंनी साधी जात. पुढच्या कामाला पाया हवा ना. कोपरीच्या १२ जोड्या, ऐरोलीच्या ८.

प्रियाराधन पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. नर मादीकडे तोंड करतो, मागे जातो, पुढच्या पायाने टॅप करतो, मग एकच पंख बाहेर काढून थरथरवतो. तेच त्याचं गाणं. नंतर मागून चाटतो, पोट वाकवतो आणि चढायला बघतो. नको असेल तर मादी लाथ मारते नाहीतर सरळ चालू लागते. जोडी लागली की पंधरा-वीस मिनिटं हलत नाहीत.

गाणं ध्वनिमुद्रित करायचा प्रयत्न केला. ठोक्यांमध्ये साधारण ३५ मिलिसेकंदांचं अंतर असतं असं वाचलं होतं. पंखा बंद करून, मे महिन्यात, तिघं एका खोलीत चाळीस मिनिटं बसलो. मोबाइलमध्ये फ्रिज आणि खालच्या रिक्षा आल्या. सोडून दिलं.

एका तासात कोपरीच्या १२ पैकी १०, ऐरोलीच्या ८ पैकी ७ जोड्या लागल्या. माद्या वेगळ्या कुप्यांत टाकल्या. मी खूश.

२४ मे

कोपरीच्या १० कुप्यांत एकही अळी नाही.

अंडी आहेत. पहिल्या दिवशी तर भरपूर घातली, नंतर कमी झाली. पण फुटत नाहीत. ऐरोलीच्या सातही कुप्यांत अळ्या वळवळताहेत. अन्न एकाच पातेल्यातलं, साठा एकाच कुपीतला.

मी आधी कापसाला दोष दिला, मग गुळाला, मग भाचीने माद्या दाबल्या असतील असं म्हणालो. त्यावर ती चिडली. "मामा, दाबलेल्या माद्या माझ्याकडच्या असत्या तर माझ्याकडे अळ्या कशा आल्या?" बरोबर होतं.

२५ मे

थर्मामीटर आणला, जो पहिल्या दिवशी आणायला हवा होता. १८० रुपयांसाठी तीन आठवडे घालवले. दिवाणखान्यात २९. कपाटात दुपारी ३२, रात्रीसुद्धा ३१.२. कपाटाच्या मागे हात घातला तर फ्रिजची पाठ. सगळी गरमी तिकडून येत होती. भाचीच्या खोलीत रात्री एसी, दिवसा पडदे ओढलेले.

पीएचडीवाल्या मुलाला फोन केला. तो हसला. मेलानोगॅस्टरचे नर तीस-एकतीस अंशांच्या वर वाढले की वांझ निघतात. शुक्राणू नीट तयारच होत नाहीत. माद्यांना तेवढी बाधा होत नाही. आणि नराच्या वागण्यावरून कळायला मार्ग नाही, कारण तो गातो, चढतो, वीस मिनिटं जोडी टिकवतो, सगळं यथासांग. आम्ही फक्त जोड्या मोजून थांबलो असतो तर १२ पैकी १० लिहून मोकळे झालो असतो.

२७ मे

काल पाऊस आला. मुंबई-ठाण्यात मोसमी पाऊस २६ मेला म्हणजे फारच लवकर. माझं काम आधीच संपवलं असतं तर बरं झालं असतं असं वाटण्याची ही पहिलीच वेळ.

दोष नरात की मादीत हे तपासायचं होतं. कोऱ्या माद्या संपल्या होत्या, म्हणून नाइलाजाने त्याच १० माद्यांना ऐरोलीचे नर दिले. मला वाटलं एकही घेणार नाही. एकदा जोडी लागलेली मादी साधारण आठवडाभर दुसऱ्याला नकार देते, असं त्याच मुलाने बजावलं होतं. तरी १० पैकी ८ जणींनी तासाभरात नवा नर घेतला. ऐरोलीच्या सात जुन्या माद्यांपुढे तसेच नर ठेवले तर एकीनेच घेतला, बाकीच्या लाथा झाडत राहिल्या.

या फरकाने माझी झोप उडाली. माहिती शोधली. नराच्या वीर्यात 'सेक्स पेप्टाइड' नावाचं ३६ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन असतं. ते मादीत गेलं की ती अंडी जास्त घालते आणि नवा नर नाकारते. पण हा परिणाम दिवसचे दिवस टिकतो तो शुक्राणूंमुळे. प्रथिन त्यांच्या शेपटांना चिकटून मादीत साठतं आणि हळूहळू सुटत राहतं. शुक्राणू नसले की वीर्याचा असर एक-दोन दिवसांत ओसरतो. म्हणून आमच्या माद्यांनी पहिल्या दिवशी ढीगभर अंडी घातली आणि आठ दिवसांत पुन्हा तयार झाल्या. वांझ नर पहिल्याच दिवशी ओळखू आला नाही, पण मादीला तो आठवड्यात कळला होता म्हणायचा.

१ जून

त्या आठही कुप्यांत अळ्या. म्हणजे माद्या ठीक होत्या.

कोपरीचे वांझ नर फेकले नाहीत. मासेवाल्याकडून ६० रुपयांना थर्मोकोलचा खोका घेतला, आत गोठवलेली पाण्याची बाटली, दिवसातून तीनदा बदलायची. खोक्यात २४ ते २६ राहतं. बाटली थेट कुप्यांना टेकू देऊ नका, मध्ये वर्तमानपत्राची घडी. नर त्यात ठेवले आहेत.

९ जून

थंडीत काही दिवस काढलेल्या सहा म्हाताऱ्या नरांना ऐरोलीच्या कोऱ्या माद्या दिल्या होत्या. चार कुप्यांत अळ्या आल्या. उष्णतेचा वांझपणा काहींचा तरी फिटतो. साठा पूर्ण गेला असं वाटलं तरी लगेच टाकून देऊ नका.

आज दुसरा एक गोंधळ. साध्या जातीच्या कुपीत एक नर दुसऱ्या नराच्या मागे पंख थरथरवत लागलेला दिसला. मी ताबडतोब वहीत "फ्रूटलेस?" असं मोठ्या अक्षरात लिहिलं. या जनुकाची गोष्ट मला आवडते. कुलबीर गिल यांनी १९६३ मध्ये असे नर नोंदवले जे नरांच्याही मागे लागत, आणि एकामागे एक साखळी करत. २००५ मध्ये या जनुकाचं नरात बनतं तसं रूप मादीत बसवलं, तर मादी दुसऱ्या मादीपुढे नरासारखी प्रियाराधन करू लागली. इतकं एका जनुकाच्या हातात.

आमच्या कुपीत मात्र असलं काही नव्हतं. ज्याच्या मागे लागला होता तो तासाभरापूर्वी कोशातून निघालेला पोरगा होता. कोवळ्या नरांच्या अंगावरची द्रव्यं वेगळी असतात आणि मोठे नर फसतात. अगदी नेहमीची गोष्ट. ओळ खोडली.

११ जून

काल वटपौर्णिमा. घरात फणस, आंबे, जांभळं, केळी यांचं वाण, आणि त्यावर ठाणे पूर्वची सगळी चिलटं. दोन कुप्यांचे बोळे सैल होते. सकाळी आत अनानासीचा एक नर ऐटीत बसलेला. दोन्ही कुप्या फ्रीझरमध्ये.

बोळा पिळून घट्ट करायचा, बोटाने ओढून बघायचा. फळं आणि साठा एका खोलीत ठेवायचाच नाही. हे मला सौ.ने आधी सांगितलं होतं, हेही लिहायला तिनेच सांगितलं.

आज जुलैच्या प्रयोगाची तालीम: पिवळ्या कोऱ्या माद्या, तपकिरी नर. आठ कुप्या.

२२ जून

तालमीचा निकाल, आणि नवी फजिती.

यलो जनुक एक्सवर असल्यामुळे हिशेब सरळ आहे. मुलाला एक्स आईकडूनच मिळतो, त्यामुळे पिवळ्या आईचे सगळे मुलगे पिवळे. मुलीला दुसरा एक्स बापाकडून, त्यामुळे बाप तपकिरी असेल तर सगळ्या मुली तपकिरी. पाच कुप्यांत असंच. तीन कुप्यांत पिवळ्या मुली.

म्हणजे त्या तीन आया कोऱ्या नव्हत्या. त्यांना आधीच कुणी पिवळा भाऊ भेटला होता. वेळेत काढल्या होत्या, मग भाऊ आला कुठून? माद्यांच्या कुपीत शिल्लक असलेल्या माश्या भिंगाखाली धरल्या तेव्हा त्यात दोन नर निघाले. आम्ही नर ओळखत होतो काळ्या टोकावरून. पिवळ्या जातीत ते काळं टोकच नसतं, रंगच तयार होत नाही ना! टोक फिकं दिसलं की भाची "मादी" म्हणून वेचत होती, आणि मी मान डोलावत होतो.

पिवळ्यांत नर ओळखायचा तो शेपटाखालच्या गोलसर जननेंद्रियावरून आणि पुढच्या पायावरच्या कंगव्यावरून. कंगवाही फिका असतो, पण दिसतो. आणि आता प्रत्येक कोरी मादी तीन दिवस एकटी ठेवतो. एकटी मादीही थोडी अंडी घालते, त्याने घाबरू नये. अळी दिसली तर मात्र ती बाद.

२८ जून

जोड्या बघायला नेमप्लेट करणाऱ्याकडून छोट्या खोल्या असलेली ॲक्रिलिकची पट्टी कापून घेतली. पहिली जाड १० मिमी होती, ३५० रुपये पाण्यात. माश्या छताला जाऊन चिकटायच्या आणि भिंगात एक स्पष्ट तर दुसरी धूसर. दुसरी ४ मिमी जाड, १२ मिमी व्यासाची वीस भोकं, वरून सरकतं झाकण. ४०० रुपये. ही उत्तम.

सकाळी सात ते आठ. या वेळी माश्या तरतरीत असतात. साध्या कोऱ्या माद्या, चार दिवसांच्या. निम्म्यांना तपकिरी नर, निम्म्यांना पिवळे. आज आणि उद्या मिळून प्रत्येकी वीस.

२९ जून

तपकिरी: २० पैकी १६ जोड्या. पिवळे: २० पैकी ५.

पण भाचीने काल जे पाहिलं ते आकड्यांपेक्षा जास्त कामाचं. ती आठव्या खोलीवर डोळा लावून बसली होती. अचानक म्हणाली, "मामा, हा घसरतोय."

पिवळा नर मागे लागत होता, पंख काढत होता, मादी थांबतही होती. तो चढायचा आणि निसटायचा. पुन्हा चढायचा, पुन्हा निसटायचा. एका नराने तासात चौदा वेळा प्रयत्न केला. तपकिरी नराला एक-दोन झेपांत जमत होतं. मी व्हिडिओ तीनदा हळू करून पाहिला. पुढचे पाय मादीच्या पोटावर पडतात आणि सुटतात.

मार्गारेट बॅस्टॉक यांनी १९५६ मध्ये या पिवळ्या नरांवर सविस्तर काम केलं, आणि पंखाची थरथर कमी पडते असं कारण दिलं. मी तेच उत्तर भाचीच्या वहीत आधीच पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. खोडरबर आणला.

१ जुलै

कॉलेजात पाय सूक्ष्मदर्शकाखाली. तपकिरी नराचा कंगवा काळा, दात ताठ. पिवळ्याचा फिका, मधाच्या रंगाचा. चढताना नर याच कंगव्याने मादीला धरतो.

पीएचडीवाल्याला फोटो पाठवला. त्याने २०१९ चा एक शोधनिबंध परत पाठवला, त्यात नेमकं हेच होतं. यलोमुळे कंगव्यातलं मेलॅनिन जातं, दात बदलतात आणि पकड राहत नाही. म्हणजे वर्तनाचा म्हणून शंभरेक वर्षं चर्चिलेला जनुक बऱ्याच अंशी पायातल्या कंगव्याचा निघाला. भाचीला मी हा निबंध मुद्दाम दोन दिवस उशिरा दाखवला. तिने आधी स्वतःची वाक्यं लिहावीत म्हणून. "घसरतो" हा तिचा शब्द अहवालात तसाच ठेवला आहे.

ज्या पाच पिवळ्या नरांची जोडी लागली त्या पाचही कुप्यांत आज अळ्या आहेत. याचं घोडं चढताना अडतं, पुढे नाही. मेमधल्या नरांचं बरोबर उलटं होतं.

५ जुलै

शेवटचा प्रयोग. एका पिवळ्या कोऱ्या मादीसमोर एकाच वेळी एक तपकिरी आणि एक पिवळा नर. तासाभराने दोघांना बाहेर. बाप कोण हे आम्ही बघत बसणार नाही, मुलींचा रंग सांगेल. पंधरा कुप्या.

संध्याकाळी चार तास वीज नव्हती. बाटल्या वितळायला लागल्या तेव्हा कुप्या घेऊन ऐरोलीला. ठाण्याहून दोनच स्टेशनं, पण पावसात पनवेल गाडीच्या गर्दीत थर्मोकोलचा खोका डोक्यावर धरून. एका गृहस्थांनी विचारलं, मासे का? हो म्हणालो.

१७ जुलै

मोजणी संपली. ११ कुप्यांत सगळ्या मुली तपकिरी, २ कुप्यांत सगळ्या पिवळ्या, १ मध्ये दोन्ही, १ रिकामी. मिश्र कुपीत तासाभरात दोन्ही नर लागले असतील किंवा मादी कोरी नसेल. तिन्ही दिवसांची तपासणी झाली होती, तरी खात्री देत नाही. तक्त्यात ती वेगळ्या ओळीत आहे. भाचीला ती गाळायची होती, मी नको म्हणालो. दहा मिनिटं अबोला.

खर्च: कुप्या ९००, अगर २६०, आम्ल ४८०, दोन थर्मामीटर ३६०, ॲक्रिलिक दोन्ही मिळून ७५०, कापूस १२०, खोका ६०, मोबाइलला लावायचं भिंग ३५०. एकूण ३२८० रुपये. गूळ-रवा घरचा, त्याचा हिशेब सौ.कडे. चौदा आठवडे लागले. चुका वजा केल्या तर हे काम पाच आठवड्यांचं आहे.

पिवळ्या माश्या खिडकीतून सोडल्या नाहीत, फ्रीझरमध्ये एक रात्र आणि मग कचऱ्यात. दोन कुप्या भाचीने ऐरोलीला ठेवून घेतल्या. पांढऱ्या डोळ्यांची ती कुपी अजून तिच्याकडेच आहे, आणि काल तिने विचारलं की अंधारात त्या नरांना इतरांइतकंच जमेल का. माझ्याकडे लाल दिवा आहे का, हेही विचारलं (लाल उजेड माश्यांना जवळपास दिसत नाही). कपाट मात्र आता मिळणार नाही. तिथे लोणच्याच्या बरण्या गेल्या आहेत.